डाव्या वळणावरचा आवाज

हरीची बायको त्या दिवसापर्यंत आमच्या वर्कशॉपमध्ये कधी आली नव्हती. भोसरीतल्या आमच्या शेडपासून त्यांची खोली चालत जाण्याइतकी जवळ. पण डबा तो स्वतःच घेऊन यायचा, आणि दसऱ्याला मशिनींची पूजा असली तरी वहिनी घरूनच नारळ पाठवायच्या. त्यामुळे त्या सकाळी कौसल्यावहिनी दारात उभ्या दिसल्या तेव्हा मला आधी ओळखच पटली नाही. मी मशीन बंद केली. त्या म्हणाल्या, "भावजी, ह्ये गेले." आणि मी वेड्यासारखा विचारून बसलो, "कुठं?"... नळाला पाणी आलं म्हणून हरी बादली लावून उभा होता, तिथंच भिंतीला टेकून खाली बसला, तो उठलाच नाही. शेजारच्या फाउंड्रीत फोन होता, गल्लीतल्या कुणाच्याही हाती निरोप धाडता आला असता. पुढे एकदा मी त्यांना तसं म्हणालो, तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या तोंडून तुमाला कळाया नको वाटलं."

याला आता महिना होऊन गेला. हरी शेडगे हे नाव या पुरवणीच्या वाचकांच्या कानावर आलेलं असण्याचं कारण नाही. तो पुढारी नव्हता, युनियनमध्येही मागच्या रांगेत बसायचा. गिअर करायचा, एवढंच. पण त्याच्या आयुष्यात एक गोष्ट अशी घडली की तिच्या मोजक्या साक्षीदारांपैकी मी एक आहे, आणि आम्हीही गेलो तर ती सांगायला कुणी उरणार नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आमची ओळख झाली बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला. मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा कारखाने उभे राहत होते, ज्वारीच्या रानातच कुंपणं पडत होती आणि ज्याचं रान गेलं त्याचाच मुलगा गेटवर नोकरीसाठी रांगेत उभा दिसायचा. मी दापोडीचा, रेल्वे लाइनीलगतच्या गल्लीतून सायकल मारत यायचो. हरी मावळातून यायचा. अंधारात घर सोडून, ओढा ओलांडून, कामशेतला सकाळची गाडी धरून. आम्ही दोघं एकाच दिवशी एका कारखान्याच्या गिअर विभागात, 'गिअर शॉप'ला, लागलो आणि एकाच मशीनवर शिकलो. तो बोलायला कमी आणि बोललाच तर गावाकडचं, त्यामुळे पहिले काही महिने शॉपमधली पोरं त्याची नक्कल करायची. त्यानं ते कधी मनावर घेतलं नाही. म्हणायचा, "त्यान्ला बी कुटं येतंय चांगलं मराटी. निस्तं हिंदी मारत्यात."

एकदा संप की काय होऊन गाड्या अडकल्या आणि त्याला घरी जाता येईना. मी त्याला दापोडीला घेऊन आलो. आमच्या घराण्यानं बुद्धाचा धम्म स्वीकारून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. माझी आई ताट घेऊन उभी राहिली आणि वाढायच्या आधी तिनं सरळ विचारलं, "बाळा, आमच्याकडं जेवशील ना?" हरी क्षणभर थांबला. त्याच्या घरी हे कसं घेतलं गेलं असतं ते मलाही माहीत होतं, त्यालाही. मग तो म्हणाला, "वाढा की आई. भूक लागलीया." जेवून उठताना त्यानं आपलं ताट उचललं, तर आईनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं. त्यानंतर आमच्या घरी येताना त्याला कधी आमंत्रण लागलं नाही.

त्याच्या गावी मात्र मी कधी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता धरण आलं. आधी नुसती बातमी, मग मोजणीवाले, मग भिंत. खोऱ्यातली माणसं जमेल तिकडे पांगली. हरीचा थोरला भाऊ दत्तोबा आईवडलांना घेऊन चाकणकडे, बायकोच्या माहेरच्या गावी जमीन करायला गेला. हरीनं भोसरीत खोली घेतली. गाव खाली झालं त्या आठवड्यात हरी एकही दिवस घरी राहिला नाही, उलट त्यानं ओव्हरटाइम केला. मला ते विचित्र वाटलं होतं, पण विचारायची हिंमत झाली नाही. पुढे त्याचे वडील वारले, तेराव्याला तो चाकणला जाऊन आला, आणि त्यानंतर त्याच्या तोंडी ना भावाचं नाव आलं, ना गावाचं. सासूला भेटायला कौसल्यावहिनी एकट्याच जायच्या. एसटीच्या फेऱ्या कमी, उन्हातान्हात थांब्यावर उभं राहायचं, तरी हरी सोबत जात नसे.

सत्तरीच्या मध्यावर आम्ही दोघांनी नोकरी सोडली आणि भोसरीच्या इस्टेटीत पत्र्याची शेड भाड्यानं घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. छोट्या यंत्रांचे गिअर करायचे, मोडलेले गिअरबॉक्स दुरुस्त करायचे. बरं चाललं होतं. अशातच एका सकाळी जीपच्या मागं ट्रेलरवर चढवलेली एक पांढरी बोट आमच्या दारात येऊन उभी राहिली. सगळी गल्ली गोळा झाली. समोरच्या वेल्डिंगवाल्यानं विचारलं, "काय राव, भोसरीला समुद्र कवा आला?"

बोट होती करमरकरांची. चिंचवडला त्यांचा रंगाचा कारखाना. नवराबायको दोघांनाही पाण्याची हौस. मुंबईहून परत मायदेशी निघालेल्या कुणा परदेशी माणसाकडून ती त्यांनी घेतली होती. करमरकरांना यंत्रातलं चांगलं कळत होतं. त्यांनीच आम्हाला समजावून सांगितलं की या बोटीचं इंजिन आत असतं आणि गिअर बाहेर, पाठीमागे पाण्यात बुडालेल्या एका उभ्या पेटीत. पेटीच्या तळाशी पंखा. अख्खी पेटीच डावीउजवीकडे वळते आणि तिच्याबरोबर बोट वळते, निराळं सुकाणू नाही. या पेटीला स्टर्न ड्राइव्ह म्हणतात. हरीनं ते नाव ऐकून घेतलं आणि तेव्हापासून तिला 'शेपटी' म्हणायला लागला. करमरकरही दोन दिवसांत शेपटीच म्हणू लागले.

तक्रार अशी की पुढे जायचा गिअर टाकला की आधी दात खाल्ल्यासारखा कर्रर्र आवाज येई, आणि मग ठण्णकन दणका बसून बोट उडी मारल्यागत पुढे जाई. कधी येई, कधी नाही. बोट घेतानाच मुंबईच्या मेकॅनिकनं पेटी उघडून, तपासून पुन्हा बसवली होती; आवाजाची तक्रार नेल्यावर त्यानंच गिअर झिजलेत, परदेशातून आणावे लागतील असा निकाल दिला होता. आयातीचा परवाना मिळण्याची आशा नव्हती. करमरकर म्हणाले, "तुम्ही नवे पाडून देऊ शकाल का, बघा."

मला तर हुरूप आला होता. बोटीचे गिअर आपल्या शेडमध्ये! पण हरीनं पेटी उघडली, तेल पुसलं, एकेका दातावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. दात शाबूत होते. फक्त गिअर गुंतवणारा जो क्लच असतो, त्याच्या जाड दातांच्या कडा घासून गोल झाल्या होत्या. हरी म्हणाला, "ह्ये झिजलं न्हाई सायेब. ह्याला कोनतरी पुरतं बसूच देत न्हाई. अर्ध्यावर धरतंय." करमरकर वाकून बघत म्हणाले, "मग गिअर टाकणारी केबल?" आम्ही केबल तपासली. हातानं ओढून पाहिली तर लोण्यासारखी सरकत होती. पेटी परत बसवली, पाण्याच्या ड्रमला नळी लावून इंजिन गार ठेवायची सोय केली आणि तिथंच गल्लीत बोट चालू केली. गिअर टाकला, काढला, टाकला, काढला. दर वेळी एकच स्वच्छ टक्. कर्रर्र नाही आणि ठण्णही नाही.

"पाण्यात जावं लागेल," करमरकर म्हणाले. "पंख्यावर जोर आल्याशिवाय तो आवाज यायचा नाही. रविवारी धरणावर या दोघंही."

त्यांनी ज्या धरणाचं नाव घेतलं, त्यातच हरीचं गाव गेलं होतं. मी हरीकडे पाहिलं. तो हात पुसत होता. करमरकर गेल्यावर म्हणाला, "तू जा मधू. मी न्हाई येत."

मी एकटा गेलो. आवाज ऐकला, आणि घाबरलोच. फरशीखाली कुणीतरी दगड भरडतंय असं वाटत होतं. सोमवारी हरीनं मला विचारायला सुरुवात केली. कुठल्या गिअरला? किती वेगावर? बोट सरळ होती का वळत होती? आवाज आधी येतो का दणका आधी? मला एकाचंही धड उत्तर देता येईना. शेवटी मी चिडून म्हणालो, "अरे, तूच चल ना! पाणी खातंय का तुला?"

तो मशीनकडे वळला. दुपारी चहाला बाहेर पडलो तेव्हा टपरीच्या बाकड्यावर बसून, कप हातात धरून, त्यानं सांगितलं. घर उतरवायचा दिवस ठरला होता. कौलं, वासे, दारं, जे काही नेता येईल ते नेऊन बाकीचं पाण्याला सोडायचं. वडलांनी निरोप धाडला होता, हरीला म्हणावं ये. हरी त्या दिवशी कंपनीत आला. "माज्याच्यानं बघवलं नसतं," तो म्हणाला. "म्हनलं, थोरला हाय, गावची चार मानसं हायत, उतरवतील. आन् छपराचं आढं उतरवताना दोर सुटला. मोडलं मधनंच. आज्यानं घातलेलं सागाचं आढं... बाच्या तेराव्याला दादा चारचौघांत म्हनला, बा मरंस्तवर बोलत व्हता, हरी आला न्हाई. हरी आला न्हाई." कपातला चहा थंड झाला होता. तो ओतून देऊन हरी उठला. "आता त्या पान्यावर कुटल्या तोंडानं जाऊ?"

मी पुन्हा विषय काढला नाही. त्या रविवारी करमरकरांची जीप मला घ्यायला चिंचवडच्या फाट्यावर येणार होती. मी पोचलो तर हरी आधीच तिथं उभा. हत्यारांची पिशवी खांद्याला, डोक्याला टोपी. वहिनींनी मागाहून मला सांगितलं की रात्रभर कूस बदलत होता, आणि पहाटे उठून स्वतःच म्हणाला, "त्या मधूला काय आवाज कळत न्हाई."

बोटीत तो पाण्याकडे पाठ करून, इंजिनाच्या झाकणापाशी उकिडवा बसला. भिंत मागे पडली, खोरं उघडं झालं, पण त्यानं मान वर केली नाही. चाक मालतीबाईंच्या हाती होतं. करमरकरांच्या पत्नी, बोट नेहमी त्याच चालवायच्या. हरी सांगेल तसा त्या गिअर टाकत होत्या, काढत होत्या. आवाज येईना. सावकाश, जोरात, पुढं, मागं, सगळं करून झालं. करमरकर हसून म्हणाले, "माणसं बघून गप्प बसलाय."

मालतीबाई म्हणाल्या, "इथे मध्ये नाही येत तो. धक्क्याला लावताना येतो. मी यांना किती वेळा सांगितलं."

हरीनं पहिल्यांदा मान वर केली. "धक्क्याला लावताना काय करता तुमी वहिनी?"

"काय करणार? वेग कमी करते, डावीकडे घेते, गिअर काढते. पुढे अंतर राहिलं तर परत टाकते."

"डावीकडं. दर टायमाला?"

"धक्काच तसा आहे ना."

"मंग हितंच घ्या डावीकडं. पार टोकाला. आन् टाका गिअर."

त्यांनी चाक पूर्ण फिरवलं आणि गिअर टाकला. कर्रर्र... ठण्ण. करमरकर ताडकन उठून उभे राहिले. "आता उजवीकडं," हरी म्हणाला. टक्. "परत डावीकडं." कर्रर्र. त्यानं झाकण उघडून हात आत घातला, केबलवर ठेवला आणि बाईंना चाक फिरवायला सांगितलं. मग माझा हात धरून तिथं नेला. शेपटी डावीकडे वळू लागली की केबल ताणली जात असलेली मला बोटांना कळत होती. आतल्या बाजूला मुंबईच्या मेकॅनिकनं ती एका नळीला क्लिपेनं करकचून बांधून टाकली होती. बोट सरळ असताना काही बिघडत नव्हतं. डावीकडे वळली की केबलला पुरेशी ढील उरत नव्हती, गिअर अर्ध्यावरच अडकत होता आणि दातांच्या कडा एकमेकींवर घासत होत्या. आमच्या गल्लीत चाक फिरवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ट्रेलरवर उभ्या बोटीला कुठं वळायचं होतं?

क्लिप तोडून केबलला मोकळी वाट करून देणं हे काम मग फार वेळाचं नव्हतं. करमरकरांनी पाना धरला, हरीनं ढील बघून केबल पुन्हा लावली, इंजिनाचा वेग जरासा उतरवला. डावीकडे टोकाला घेऊन मालतीबाईंनी गिअर टाकला. टक्. त्यांनी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. हरी त्यांना म्हणाला, "आन् वहिनी, गिअर भीत भीत टाकू नगा. एका दमात टाकायचा. भिऊन टाकला की जास्त दुखतं त्याला."

इंजिन बंद केलं, थर्मासमधला चहा निघाला. तेवढ्यात माझं लक्ष हरीकडे गेलं. तो उभा राहून डोंगर बघत होता. एका सुळक्याकडे बघे, मग पलीकडच्या घोड्याच्या पाठीसारख्या टेकडीकडे, आणि बोट दोघांच्या मध्ये कुठं येते ते मनाशी ताडून बघे. "हितंच," तो हळूच म्हणाला आणि खाली बसला. करमरकरांनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगावं लागलं. मालतीबाईंनी ओतलेला कप तसाच खाली ठेवला. ज्या पाण्यावर आपण दर रविवारी सहलीला येतो त्याच्या खाली या माणसाची चूल आहे, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्या म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंत?"

"गिअरच्या आवाजाशी त्याचा काय संबंध वहिनी," हरी म्हणाला.

परतताना मात्र, धक्का जवळ आल्यावर, त्यानं त्यांच्याजवळ एक मागणं घातलं. "माजी आई हाय अजून. तिला एकडाव हितनं फिरवून आनाल का?" मालतीबाई म्हणाल्या, "कधीही आणा. आणखी कुणाला आणायचं असेल त्यालाही आणा."

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं चाकणला गेलो. दत्तोबा कांद्याच्या वाफ्यात पाणी धरत होता. आम्हाला बघून त्यानं खोरं खाली ठेवलं नाही. हरीनं कसंबसं सांगितलं. ऐकून घेऊन दत्तोबा म्हणाला, "आता आटवलं व्हय घर? व्हतं तवा न्हाई आटवलं." मी काही बोलायला गेलो तर हरीनं माझा दंड दाबला. तेवढ्यात म्हातारी घरातून बाहेर आली. वाकलेली, पण नजर शाबूत. तिनं सगळं ऐकलं असावं. तिनं नुसतं विचारलं, "कवा जायाचं?" दत्तोबा ओरडला, "आये, बोट हाय ती! बुडली-बिडली तर?" म्हातारी म्हणाली, "घर बुडलं, आता मी बुडल्यानं काय अडतंय रं? मी येनार." आईला एकटी कशी सोडायची म्हणून मग दत्तोबाही यायला तयार झाला. हरीसाठी आलो नाही, हे त्यानं जीपमध्ये बसताना दोनदा बोलून दाखवलं.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. वारा नव्हता. म्हातारी नऊवारीचा ओचा आवरून गादीवर बसली, दोन्ही हातांनी कडा धरली, आणि मालतीबाई चाकाला बसलेल्या बघून म्हणाली, "बाई, तू हाकतीस व्हय ही?" "हो आजी." "मंग भ्याव न्हाई." दोघं भाऊ बोटीच्या दोन टोकांना, एकमेकांकडे न बघता बसले होते. हरीनं सुळका आणि टेकडी जुळवत बोट त्या जागी आणवली, इंजिन हळू करायला लावलं आणि म्हणाला, "आये, हितं. ह्ये आपलं घर."

म्हातारीनं चौफेर बघितलं. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "आरं ह्ये कुटलं आपलं घर? ही पाटलाची खाचरं! त्यो वडा बग कुटनं खाली येतोय. त्याच्या अंगाला घे की."

हरी तिच्याकडे बघतच राहिला. त्या रविवारी तो ज्या पाण्याकडे बघत 'हितंच' म्हणाला होता, ते पाटलाच्या भातखाचरांवरचं पाणी होतं! दत्तोबाला राहवेना. "आये बराबर सांगती," तो म्हणाला, "तू लहानपनापास्नं गाडीच्या नादात, तुला काय ठावं." आणि तो उठून पुढं आला, मालतीबाईंच्या शेजारी उभा राहून हातानं दाखवू लागला. "अशी घ्या बाई... डावीकडं, आणिक डावीकडं... त्या जांभळीच्या रेषंला... बास. बास. हितं."

मालतीबाईंनी गिअर काढला. टक्. बोट पाण्यावर तशीच थांबली.

म्हातारी कडेवरून वाकली. दत्तोबानं एका बाजूनं तिला धरलं, हरीनं दुसऱ्या. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावरून फिरवलं, दुसरी ओंजळ प्यायली. "आपल्या हिरीचंच हाय," ती म्हणाली. मग पाण्याकडे बघतच, जणू कालचीच गोष्ट सांगावी तशी, बोलायला लागली. "हरी, तुजा बा तुजी लई आटवन काडायचा रं. म्हनायचा, हरी आला असता तर आढं मोडलं नसतं. त्या पोराचा हात लाकडाला लागला की त्याला आतला खिळा दिसतो, म्हनायचा. दोर कुटं बांदायचा त्ये हरीला इचारायला पायजे व्हतं..."

हरी दत्तोबाकडे बघायला लागला. दत्तोबानं मान खाली घातली. "व्हय," तो म्हणाला. "असंच म्हनायचा बा. मी तुला अर्दंच सांगितलं. दोर माज्या हातनं सुटला व्हता, हरी. तू असतास तर... तुज्यावर राग आला व्हता मला. आढ्याचा बी राग, तुजा बी. लोकांसमोर निघून गेलं तोंडातनं."

मला वाटलं आता हरी काहीतरी बोलेल. इतकी वर्षं तो ते अर्धं वाक्य उरावर घेऊन मशीनसमोर उभा राहिला होता. पण तो म्हणाला, "दोर वला व्हता का?"

"वला व्हता," दत्तोबा म्हणाला. "रातीचा पाऊस पडून गेल्याला."

"मंग कुनाच्याबी हातनं सुटला असता, दादा."

आणि मग तो रडला. मी त्याला त्याआधी किंवा नंतर कधी रडताना पाहिलं नाही. म्हातारीनं ओल्या हातानं त्याचं तोंड पुसलं. करमरकर डोंगराकडे तोंड करून उभे होते. मालतीबाईंनी चाकावर डोकं टेकवलं होतं.

त्यानंतर हरी बदलला असं मी म्हणणार नाही. तो तसाच कमी बोलायचा, तसाच हट्टी होता, आणि एखादं काम मनासारखं झालं नाही तर गिऱ्हाईक दारात उभं असतानाही ते पुन्हा उघडायचा. पण चाकणला कांदा निघायचा तेव्हा तो शेड माझ्यावर टाकून जायला लागला, आणि परत येताना एसटीच्या टपावर टाकलेली पोती आमच्या दारात उतरायला लागली. दत्तोबाच्या मळ्यातल्या पंपाचा बिघडलेला आवाज त्याला इथं बसूनही खुपायचा. म्हातारी दोन पावसाळ्यांनंतर गेली, दोन्ही मुलांच्या हातचं पाणी पिऊन गेली. करमरकरांनी पुढे बोट विकली. मालतीबाईंची कंबर धरू लागली होती. विकताना घेणाऱ्याला त्यांनी बजावून सांगितलं म्हणे, गिअर एका दमात टाकायचा.

हरीच्या अस्थी दत्तोबानं आळंदीला न नेता धरणावर नेल्या. मी बरोबर होतो. आता बोट कुठून आणणार? एका कोळ्याची होडी मिळाली. दत्तोबानं पुन्हा उभं राहून वाट दाखवली, पण त्याचंही वय झालं, नजर कमी झाली. एकदा म्हणाला इथं, मग म्हणाला थोडं पुढं. कोळी कंटाळला. शेवटी दत्तोबा म्हणाला, "मधुकरभाऊ, हितंबी सोडतो आन् तितंबी सोडतो. खाचरं काय, घर काय, पानी एकच हाय." आणि त्यानं तसंच केलं.

वर्कशॉप चालू आहे. आता आमच्याकडे सहा माणसं आहेत. हरी असताना एखादा गिअरबॉक्स आवाज करतोय म्हणून आला की तो चालू करण्याआधी शेडमधल्या सगळ्या मशिनी बंद करायला लावायचा. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, सगळं. हातातलं काम अर्धं राहिलं तरी चालेल. समोरच्या वेल्डिंगवाल्यालाही हात जोडून थांबायला सांगायचा. गेल्या आठवड्यात एका तेलघाण्याचा गिअरबॉक्स आला. मी तो बाकावर ठेवला, तेल घातलं, मोटर जोडली, आणि मान वर केली तर एकेक मशीन बंद होत होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सहाही जण हात पुसून उभे राहिले. समोरची वेल्डिंगची ठिणगीही थांबली. मी बटण दाबलं. आवाज येत होता, पण कुठून येतो ते मला कळेना. एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. हरीनं कदाचित चहा संपायच्या आत सांगितलं असतं. मला ते सापडायला संध्याकाळ झाली. तोवर शेडमध्ये एकानंही मशीन सुरू केली नाही.